पुलाची दक्षिण बाजू

परभणीहून नांदेडकडे निघालेली गाडी मिरखेल मागे टाकते आणि थोड्या वेळानं चाकांचा आवाज बदलतो. मातीवरचा भरीव आवाज जातो आणि पोकळीवरचा धडधडाट सुरू होतो. खिडकीजवळची म्हातारी माणसं हात जोडतात, कुणी पदराच्या गाठीतलं नाणं सोडून खाली टाकतं. मग पूर्णा जंक्शन येतं. अर्धा डबा चहासाठी उतरतो आणि नदी विसरली जाते. आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेकांनी पूर्णा नदी अशीच, वरून आणि अर्धा मिनिटच पाहिलेली असते. तिच्या काठाशी उभं राहून वरच्या लोखंडाकडे पाहायला क्वचितच कुणी जातं.

आम्ही काही छायाचित्रप्रेमी हिवाळ्यात संध्याकाळी तिकडे जातो. कुणी परभणीत लग्नाचे फोटो काढतो, कुणी कृषी विद्यापीठात शिकतो, एक शाळेतल्या बाई आहेत आणि पूर्णा गावातली कॉलेजची दोन मुलं फक्त मोबाईल घेऊन येतात. या भटकंतीला काही नाव नाही, वर्गणी नाही. उजेड उतरायच्या आधी पोहोचायचं, नदीच्या काठानं पुलाच्या दोन्ही बाजूंना चालायचं, अंधारलं की गावात येऊन चहा प्यायचा आणि एकमेकांचे फोटो पाहायचे. पण या चालण्यात जे सापडत गेलं, त्यानं माझ्या मनातल्या ‘वारसा’ या कल्पनेची पार मोडतोड केली. ती या लेखात नीट मांडायची आहे.

आधी नदी. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि सुमारे 373 किलोमीटर वाहून आपल्याच जिल्ह्यात कंठेश्वरजवळ गोदावरीला मिळते. वाटेत जिंतूर तालुक्यात तिला येलदरीचं धरण अडवतं, त्याखाली सिद्धेश्वरचं. येलदरीच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र आहे. साडेसात मेगावॅटचे तीन संच, मिळून 22.5 मेगावॅट. म्हणजे रेल्वे पुलाखाली हिवाळ्यात जे पाणी दिसतं, त्याच्यावर आधीच माणसाचा हात फिरलेला असतो. किती सोडायचं, कधी सोडायचं, कालव्यात किती वळवायचं हे वर ठरतं. या नदीला निव्वळ निसर्ग म्हणून पाहणं मला आता जमत नाही. साठ-सत्तर वर्षं ती कामाला जुंपलेली नदी आहे.

पूल साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. नोव्हेंबरच्या शेवटी इथे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि तो सरळ पश्चिमेला नसतो, नैर्ऋत्येला झुकलेला असतो. एवढ्या साध्या भूगोलातून दोन अगदी वेगळी छायाचित्रं निघतात. पुलाच्या उत्तरेला, पूर्णा गावाच्या बाजूच्या काठावर उभं राहिलं की सूर्य पुलामागे जातो. खांब, गर्डर, वरून जाणारी गाडी, सगळं काळं होतं आणि मागे आकाश पेटतं. याला सगळे सिल्हूट म्हणतात. मोबाईलवर सर्वाधिक पसंती त्यालाच मिळते. दक्षिणेला गेलं की उलट घडतं. तिरपा पिवळा उजेड थेट पुलाच्या अंगावर पडतो. गंज दिसतो, रंगाचे थर दिसतात, पुराच्या पाण्यानं सोडलेल्या गाळाच्या रेघा दिसतात, अक्षरं वाचता येतात.

आमच्यातले सगळे पहिल्यांदा उत्तरेलाच धावले. मीही. हळूहळू क्रम बदलला. आता पाच वाजेपर्यंत दक्षिण बाजू, आणि सूर्य टेकला की उत्तर. कारण दक्षिण बाजूला पूल वाचता येतो.

रेल्वेच्या पुलांवर किती मजकूर लिहिलेला असतो, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक पुलाला क्रमांक असतो. गाळे किती, त्यांची लांबी किती, हे टोकाशी रंगवलेलं असतं. पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते दाखवणारा बाण असतो. धोक्याची पातळी आणि आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराची पातळी यांच्या खुणा असतात. पावसाळ्यात रात्री गस्त घालणारा माणूस कंदील किंवा बॅटरीच्या उजेडात याच खुणांकडे पाहतो आणि पाणी कितीवर आलं ते ठरवतो. गाडी थांबवायची वेळ आली तर रुळावर लावायचे फटाकेही त्याच्याजवळ असतात. त्या रंगवलेल्या रेघेवर शेकडो प्रवाशांचे जीव अवलंबून असतात. हे सगळं लांब पल्ल्याच्या लेन्सनं काठावरून टिपता येतं. पुलावर किंवा रुळांवर मात्र पाऊल टाकायचं नाही. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पुलावर गाडी आली तर माणसाला बाजूला व्हायला जागा नसते. नव्या येणाऱ्याला मी सर्वांत आधी हे सांगतो.

हा मार्ग कुठून आला? निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावानं मनमाडपासून हैदराबादपर्यंत मीटरगेजचा लोहमार्ग टाकला गेला. लांबी सुमारे 390 मैल. 1899 ते 1901 च्या दरम्यान तो टप्प्याटप्प्यानं सुरू झाला. ही वर्षं मराठवाड्याच्या आठवणीत वेगळ्या कारणानं कोरलेली आहेत. छप्पन्नाचा दुष्काळ याच काळातला. एकीकडे माणसं अन्नासाठी गाव सोडत होती आणि त्याच मुलखातून रूळ पुढे सरकत होते. त्या काळी निजामाच्या दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. राजवाडे, शिकारी, व्हाइसरॉयच्या भेटी यांचे त्यांचे फोटो जगभर गाजले. पण त्यांच्या स्टुडिओनं औरंगाबाद भागातल्या दुष्काळी कामांचेही फोटो काढले आहेत. मला त्यांच्या शाही छायाचित्रांपेक्षा ते फोटो थोर वाटतात. हैदराबादच्या दरबारी डोळ्यांना मराठवाड्यातला खडी फोडणारा माणूस दिसला, हे काही थोडं नाही.

पुढे 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीला सुमारे 50 मैलांचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. कापसाचा मुलूख बंदराच्या आणि गिरण्यांच्या जवळ आला. निजामाच्या सरकारनं 1930 मध्ये रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. मुक्तिसंग्रामानंतर, 1951 मध्ये मार्ग मध्य रेल्वेत गेला आणि 2 ऑक्टोबर 1966 ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा तिच्यात. हिंगोलीचा फाटा अकोला-खांडव्यापर्यंत जोडला गेला, तेव्हा पूर्णा उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातल्या मीटरगेजच्या सांध्यावर आलं. जयपूरहून काचीगुड्याला जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस इथून जायची. जुनी माणसं तिचं नाव घरातल्या बाईचं घ्यावं तसं घेतात.

आणि या सगळ्याचं हृदय होतं पूर्णेचं लोको शेड.

शेडमधून निवृत्त झालेले एक फिटर आमच्या ओळखीचे आहेत. वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना मामा म्हणतात. नदीकाठी त्यांना चालवत नाही, म्हणून आम्हीच परतताना त्यांच्याकडे जातो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते फोटो मोठे करून पाहतात. एकदा त्यांनी माझा एक अगदी देखणा सिल्हूट पाहिला आणि विचारलं, “यात हाय काय? नुसतं काळं दिसतंय.”

“पूल आहे मामा.”

“पूल हाय ते दिसलं. कोन्ता गर्डर हाय, रिबिट हाय का वेल्डिंग, काय कळतंय का?”

मी दक्षिण बाजूचा, साधा, आकाशात ढगही नसलेला फोटो पुढे केला. त्यावर मामा कितीतरी वेळ बोलत राहिले. बोलता बोलता पुलावरून शेडवर आले.

वाफेचं इंजिन म्हणजे पाण्याची आणि माणसांची भूक. मीटरगेजवर सगळीकडे दिसणारं वायपी जातीचं प्रवासी इंजिन आपल्या टेंडरमध्ये सुमारे तीन हजार गॅलन, म्हणजे साडेतेरा हजार लिटरच्या पुढे पाणी घ्यायचं. मालगाड्यांसाठी वायजी. मोठ्या जंक्शनला नदी जवळ असणं ही वाफेच्या काळात केवढी सोय होती, हे आजच्या विजेच्या इंजिनाकडे पाहून लक्षात येत नाही. इंजिन शेडात आलं की आधी राखेच्या खड्ड्यावर उभं राहायचं. आग पाडायची, राख काढायची, धुराडं साफ करायचं, नळ्यांतली काजळी काढायची, मग कोळसा, मग पाणी, मग वाळू. क्लीनर म्हणून लागलेलं पोरगं काही वर्षांनी फायरमन व्हायचं, नशीब आणि डोळे चांगले असतील तर ड्रायव्हर. रात्री ज्याची पाळी आहे त्याला उठवायला कॉलबॉय कंदील आणि कॉलबुक घेऊन रेल्वे कॉलनीत फिरायचा, दार वाजवायचा, सही घ्यायचा. “आमच्या घरी घड्याळ नव्हतं,” मामा म्हणाले. “शेडचा भोंगा व्हता.”

मला इथे एक गोष्ट ठामपणे म्हणायची आहे. मराठवाड्यातल्या बलुतेदारीच्या, सालगड्याच्या जगात पूर्णेसारख्या रेल्वे गावानं महिन्याच्या महिन्याला रोख पगार आणला. जात विचारल्याशिवाय हुकूम सुटायचा असं नाही, तिथेही भेद होतेच. पण पगाराच्या रजिस्टरवर नाव असणं आणि गावच्या पाटलाच्या ओसरीवर उभं राहणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. पूर्णेत आंबेडकरी चळवळ इतकी खोल रुजली, तिथल्या बुद्ध विहारात दरवर्षी धम्म परिषद भरते, कॉलनीतली मुलं शिकून मोठी झाली, याच्यामागे तो भोंगा आणि ते रजिस्टर आहे असं मला वाटतं. हा आपला औद्योगिक वारसा. त्याला शिखर नाही, कळस नाही, म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

1990 च्या दशकात मनमाडकडून रुंद रूळ पुढे सरकत आले. वाफ संपली, मीटरगेज आटत गेलं. पूर्णा-अकोला मार्ग 2008 मध्ये ब्रॉडगेज झाला. 2003 मध्ये नांदेड हा स्वतंत्र विभाग झाला आणि कार्यालयं तिकडे बसली. शेडचं काम गेलं आणि त्यासोबत कॉलनीची गजबज. नांदेडहून अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन अजून पूर्णेत एका टोकाचं दुसऱ्या टोकाला लागतं. तेवढा वेळ फलाटावर जुन्या जंक्शनची हालचाल जाणवते. परभणी-मुदखेड दुहेरीकरणानं नदीवर दुसरा मार्ग आणला, त्यानंतर विजेच्या तारा आल्या. प्रवाशाला याचा फायदाच झाला आणि मला त्याबद्दल जराही हळहळ नाही. हळहळ आहे ती याची की बदल होत असताना एकेका टप्प्याचे फोटो कुणी जपून ठेवले नाहीत. मीनाक्षी एक्सप्रेस पुलावरून जातानाचा, नीट तारीख लिहिलेला एकही फोटो आम्हाला पूर्णेतल्या घरांत मिळालेला नाही. लग्नाचे, बारशाचे, निवृत्तीच्या हारांचे फोटो ढिगानं मिळाले. त्या हारांच्या फोटोंत मागे, चुकून, कोपऱ्यात इंजिनाची बफर दिसते. तेवढीच.

दुसरीकडे मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. 1982 चा गिरणी संप, गिरणगाव, चाळी यांवर पुस्तकं आली, नाटकं आली, छायाचित्रांची प्रदर्शनं झाली. ते सगळं हवंच होतं. पण त्या गिरण्यांत जाणारी रुई कुठून यायची, तिच्या गाठी कोण बांधायचं, कोणत्या पुलावरून त्या जायच्या, हा गोष्टीचा पहिला अर्धा भाग अजून अंधारातच आहे.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्यानं 1959 पासून आयुष्यभर पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे, भट्ट्या यांचे फोटो काढले. ढगाळ, सपाट उजेडात, समोरून, एकाच पद्धतीनं. सूर्यास्ताचा मोह त्यांनी कटाक्षानं टाळला. त्यातली कित्येक बांधकामं नंतर पाडली गेली आणि त्यांचे फोटो हाच पुरावा उरला. मी त्यांची शिस्त मानतो. पण त्यांच्या चौकटीत माणूस नसतो, आणि तिथे मी त्यांच्यापासून वेगळा होतो. आपल्याकडे यंत्रापेक्षा माणसाची नोंद जास्त राहून गेली आहे. आपल्याच अकोल्याकडचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते पाहावेत. काम आणि माणूस एकाच चौकटीत कसे बसतात हे तिथे शिकायला मिळतं. म्हणून मी मुलांना सांगतो, पुलाचा फोटो काढा, पण रुळावर हातोडी घेऊन चालणारा की-मन दिसला तर त्याला हाक मारा, विचारा, त्याची परवानगी घ्या आणि तो कामात असतानाचा फोटो काढा. हसून उभा राहिलेला नको.

तंत्राचं थोडं. मोबाईल आपोआप काळोख उजळवतो आणि आकाश दाबतो. त्यामुळे संध्याकाळ दुपारसारखी सपाट दिसते. पडद्यावर आकाशाच्या उजळ भागावर बोट ठेवून उजेड कमी करावा, तेवढ्यानं बराच फरक पडतो. धावती गाडी टिपायची तर शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा. गाडी स्पष्ट येते, पूल पुसट. दक्षिण बाजूला मात्र तिपाई, लहान छिद्र, कमी आयएसओ, आणि घाई नाही. आणि घरी गेल्यावर त्याच रात्री नोंद करायची. ठिकाण, तारीख, कोणत्या काठावरून, कोणत्या दिशेला तोंड करून, पाणी किती होतं, फोटोत काय आहे. आमच्यातल्या शाळेतल्या बाईंनी यासाठी दोनशे पानी वही केली आहे. माझ्या मते आमच्या सगळ्या कॅमेऱ्यांपेक्षा ती वही मोलाची आहे.

काठावर सगळंच रम्य नाही. नदीच्या पात्रात खड्डे दिसतात, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसतात. पूर्णा आणि गोदावरीतल्या वाळू उपशाची गोष्ट जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अंधार पडू लागला की कॅमेरा घेतलेला माणूस तिथे कुणालाच नको असतो. एकदा दुचाकीवरून आलेल्या दोघांनी आम्हाला थांबवून काय काढलं ते दाखवायला लावलं. गाडीचा फोटो पाहून गेले. तेव्हापासून आम्ही मुलींना आणि मुलांनाही एकट्यानं पात्रात उतरू देत नाही, अंधार व्हायच्या आत सगळे वर येतात. पण पात्राचे फोटो आम्ही काढतोच. वाळू गेली की पात्र खोल होतं आणि पुराचं पाणी खांबांच्या पायाशी जास्त खोदतं, हे कुठलाही स्थापत्य अभियंता सांगेल. पुलाच्या नोंदीत पात्राची नोंद नसेल तर ती नोंद अर्धवट आहे.

या वर्षी आमचं चालणं पूर्णेच्या काठावरून पुढे सरकतंय. कापूस घरात येऊ लागला की मानवत आणि सेलूकडची जिनिंग सुरू होतात. सेलू दुधनेच्या मुलखात, आणि दुधना पूर्णेचीच उपनदी, म्हणजे पाण्याचं नातं तुटत नाही. परभणीत 1918 पासून शेतीच्या प्रयोगाचं क्षेत्र आहे, तिथूनच पुढे कृषी महाविद्यालय आणि 1972 मध्ये विद्यापीठ झालं. कापसाच्या वाणांवर इथे पिढ्यान्‌पिढ्या काम झालं. लांब धाग्याचा गावराणी कापूस ही या भागाची ओळख होती. नांदेडला 1920 च्या दशकात उस्मानशाही मिल उभी राहिली ती याच कापसाच्या जोरावर. 1972 पासून एकाधिकार खरेदी आली, तेव्हा बैलगाड्यांच्या रांगा आठवडा आठवडा लागायच्या. त्या रांगांचे फोटो असलेलं एखादं घर नक्की सापडेल, आम्ही शोधतोय. जिनिंगमध्ये शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी. रुईची 170 किलोची गाठ आवळली जाते. रेच्यापुढे कापूस ओढणाऱ्या, ढीग सारणाऱ्या बहुतेक बायका असतात, नाकातोंडाला पदर गुंडाळलेल्या. हवेत तंतू तरंगतात आणि त्यामुळे तिथला उजेड दिसतो, अक्षरशः दिसतो. कुठल्याही छायाचित्रकाराला मोह पडावा असा तो उजेड आहे. तोच तंतू त्या बायकांच्या छातीत जातो, हे नोंदवहीत फोटोखाली लिहायचं असं आम्ही ठरवलं आहे.

एका जिनिंगच्या मालकांनी आत यायला होकार दिलाय. अट एवढीच की काम थांबता कामा नये आणि आगीच्या भीतीनं कुणी फ्लॅश किंवा कुठलीही तार आत आणायची नाही. दोन्ही अटी रास्त आहेत. येलदरीच्या वीज केंद्रासाठी परवानगीचा अर्ज लिहून तयार आहे. मामांनी त्यांच्या ओळखीच्या चार जुन्या ड्रायव्हरांची आणि दोन फायरमनची नावं शाळेतल्या बाईंना दिली आहेत. त्यातले एक अकोल्याला मुलाकडे असतात, त्यांच्याकडे मीटरगेजच्या पुलावर काढलेला एक फोटो आहे असं मामा म्हणतात. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी आम्ही पूर्णेहून सकाळच्या गाडीनं अकोल्याला निघणार आहोत. वही सोबत असेल.